मातीचं नाव शेवटी: खड्ड्यात उतरून मातीचा प्रकार कसा ओळखायचा

प्लॅस्टिकच्या पिशवीत मूठभर माती घेऊन येणारे बरेच जण भेटतात. पिशवी पुढे करतात आणि विचारतात, "ही कुठल्या प्रकारची?" मी सरळ सांगते, पिशवीवरून सांगता येणार नाही. मुठीतल्या मातीचा पोत कळेल, ओली केली की रंग कळेल, चुना आहे की नाही तेही कळेल. प्रकार मात्र थरांवरून ठरतो. वर काय आहे, खाली काय आहे, आणि वरचं काही खाली उतरलंय का, हे बघावं लागतं. पिशवीत थर येत नाहीत.

मृदा सर्वेक्षणाच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. आता नव्यांना शिकवते. जो येतो त्याला आधी वर्गीकरणाचं पुस्तक उघडायचं असतं. मी ते मिटून ठेवायला लावते. खड्ड्याचं वर्णन कागदावर पूर्ण उतरेपर्यंत नाव घ्यायचं नाही. एकदा का नाव डोक्यात बसलं, की डोळे त्या नावाला सोयीच्या खुणाच शोधू लागतात.

नावाऐवजी चार प्रश्न घेऊन खड्ड्यात उतरा: इथे काय आलं, इथून काय गेलं, काय एका थरातून दुसऱ्या थरात सरकलं, आणि काय जागच्या जागी बदललं? अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ रॉय सायमनसन यांनी १९५९ साली माती घडण्याची सगळी गुंतागुंत या चार प्रक्रियांत मांडली. पालापाचोळा, वाऱ्याची धूळ आणि पुराचा गाळ येतो. पाण्यात विरघळलेले क्षार निघून जातात, धुपेने वरचा थर जातो. चिकणमातीचे कण, लोह आणि चुना खाली सरकतात. खनिजांची चिकणमाती होते, पानं कुजून त्यांचा गडद ह्यूमस होतो. पुढे जे जे सांगणार आहे ते या चारांपैकी कशात तरी बसतं.

जागा आणि खड्डा

खणण्याआधी अर्धा तास नुसतं चाला. उतार कुठून कुठे आहे, पाणी कुठे साचत असेल, खडक कुठे उघडा पडलाय हे बघा. हा अर्धा तास वाचवणारे लोक नंतर खड्ड्यात दोन तास गोंधळतात. रस्त्याची कड, जुनं बांधकाम, मोठ्या झाडाचं खोड, जनावरं बसण्याची जागा टाळा. उताराचा माथा, मधला भाग आणि पायथा यांपैकी आपण कुठे उभे आहोत हे वहीत पहिल्या ओळीत लिहा.

खड्डा दीड मीटर खोल असला तर बहुतेक कामं होतात. काही वर्गांचे निकष दोन मीटरपर्यंत जातात, तिथे तळाशी ऑगर, म्हणजे मातीत फिरवायचा गिरमिट, घालून उरलेलं बघायचं. ज्या भिंतीचं वर्णन करायचं तिच्यावर ऊन पडेल अशी दिशा धरा. त्या भिंतीच्या माथ्यावर पाय देऊ नका आणि उकरलेली मातीही टाकू नका. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. छातीइतक्या खोलीच्या खाली एकट्याने उतरायचं नाही. वाळूची किंवा ओली भिंत कसलीही सूचना न देता कोसळते, आणि कमरेपर्यंत गाडला गेलेला माणूस स्वतःहून निघू शकत नाही. एका बाजूला पायऱ्या ठेवा, भिंत कच्ची वाटली तर आधार लावा.

खणणं शक्य नसेल तर रस्त्यासाठी कापलेली दरड किंवा ओढ्याचा काठ चालतो. फक्त उघडा पडलेला भाग वीत-दीड वीत आत खरवडून काढा. पाऊस, ऊन आणि शेवाळ यांनी बाहेरचा पापुद्रा भलताच काही दाखवत असतो.

साहित्य फार लागत नाही. फावडं, टोकदार सुरी, टेप, लांब खिळे, पाण्याची बाटली, दहा पटीचं भिंग, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मन्सेलचा रंगतक्ता. आम्ल दहा टक्क्यांच्या आसपासचं असावं, ठिबकणीच्या बाटलीत, आणि डोळे जपून.

थर पाडणं

फावड्याने कापलेली भिंत गुळगुळीत दिसते आणि तिच्यात काहीच कळत नाही, कारण पात्याने सगळं सारवलेलं असतं. सुरीच्या टोकाने वरून खालपर्यंत एक पट्टा टोकरत या. माती कापायची नाही, उचकटायची, म्हणजे ढेकळं आपापल्या नैसर्गिक फटींवर सुटतात. जिथे रंग बदलतो, सुरी आत जायला कमी-जास्त जोर लागतो, ढेकळांचा आकार बदलतो, मुळं एकदम संपतात, तिथे खिळा ठोका. सगळे खिळे ठोकून झाल्यावर चार पावलं मागे जाऊन बघा. बऱ्याचदा एखादा खिळा काढावा लागतो.

आता थरांना अक्षरं द्या. सगळ्यात वर न कुजलेला किंवा अर्धवट कुजलेला पाचोळा असेल तर तो 'ओ'. त्याखाली ह्यूमस मिसळून गडद झालेला खनिज थर 'ए'. ज्यातून चिकणमाती, लोह किंवा ह्यूमस धुऊन गेलंय असा फिकट थर 'ई'. जिथे काही येऊन साचलंय, किंवा जागच्या जागी रंग आणि घडण (ढेकळांचा आकार आणि रचना) तयार झालीय, तो 'बी'. मुरूम किंवा मूळ गाळ 'सी', आणि अखंड खडक 'आर'. प्रत्येक खड्ड्यात सगळे थर असतातच असं नाही. नव्या गाळात 'ए' आणि थेट 'सी' असतो.

मोठ्या अक्षराला छोटं शेपूट लागतं, आणि पुढचं वर्गीकरण त्या शेपटावरच उभं राहतं. 'टी' म्हणजे चिकणमाती वरून येऊन साचलेली, 'के' म्हणजे चुना, 'जी' म्हणजे पाणी साचून राखाडी झालेला, 'एसएस' म्हणजे घासून चकचकीत झालेल्या तिरप्या पृष्ठभागांचा, 'एच' आणि 'एस' म्हणजे ह्यूमस आणि लोह-ॲल्युमिनियम साचलेला, 'डब्ल्यू' म्हणजे नुसता रंग-घडण बदललेला, अजून कोवळा.

दोन थरांमधली सीमासुद्धा बोलते. बदल दोन सेंटिमीटरच्या आत झाला तर ती तीव्र सीमा, दोन ते पाच स्पष्ट, पाच ते पंधरा क्रमशः, आणि पंधराच्या वर गेली तर विसरित, म्हणजे पसरट. तीव्र आणि सरळ रेषेतली सीमा दिसली की मी आधी नांगराचा किंवा पुराचा संशय घेते. नैसर्गिक प्रक्रिया सहसा इतकी नीट रेघ मारत नाहीत.

हाताने पोत

पोत म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं प्रमाण. अमेरिकी पद्धतीत २ ते ०.०५ मिलिमीटर वाळू, ०.०५ ते ०.००२ पोयटा, त्याहून बारीक ती चिकणमाती. दोन मिलिमीटरहून मोठे खडे पोतात धरत नाहीत, ते वेगळे मोजतात.

मोठा चमचाभर माती तळहातावर घ्या, थेंब थेंब पाणी घालत मळा. कमीत कमी एक-दोन मिनिटं मळाच. घाई केली तर चिकणमातीच्या घट्ट गुठळ्या फुटत नाहीत आणि त्या वाळूसारख्या लागतात. उष्ण-दमट प्रदेशांतल्या जुन्या लाल मातीत हा घोळ हमखास होतो: सुरुवातीला रवाळ लागते, आणि मळत जावं तशी चिकट होत जाते. गोळा वळतच नसेल तर वाळू. गोळा वळला तर अंगठ्याने तर्जनीवर ढकलत पट्टी काढा. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर लोम म्हणजे मध्यम पोताचा गट, अडीच ते पाच सेंटिमीटर गेली तर चिकण लोम, पाचाच्या पुढे गेली तर चिकणमाती. मग त्यातलीच चिमूट तळहातावर भरपूर पाण्यात कालवून बोटाने चोळा. खरखर लागली तर वाळूचा वाटा मोठा, पिठासारखी मऊ लागली तर पोयट्याचा, काहीच ठळक नसेल तर दोन्ही सारखे.

ओल्या मातीचा गोळा दाबताच अचानक पातळ होऊन हाताला लिबलिबीत लागला, तर ती ज्वालामुखीच्या राखेतून झालेली असण्याची शक्यता लिहून ठेवा.

बाटलीत माती ढवळून थर बसवण्याची पद्धत सगळ्यांना आवडते. ती ठीक आहे, पण वेळ पाळा. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाळूचा सगळ्यात बारीक कण दहा सेंटिमीटर खाली यायला पाऊण मिनिटाच्या आसपास घेतो, आणि दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण तेवढ्याच अंतराला जवळपास आठ तास घेतो. तासाभरात बाटली बघून निकाल देणारे बहुतेकदा चिकणमाती कमी धरतात. कण सुटे व्हावेत म्हणून सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालावं लागतं. ते नसेल तर हाताच्या चाचणीवर जास्त विश्वास ठेवा.

रंग, आणि रंगाने होणारी फसगत

शालेय पुस्तकांनी आपल्याला मातीचे रंग शिकवले: काळी, तांबडी, पिवळी, करडी. सुरुवातीला ठीक. वर्गीकरण रंगापाशीच थांबवलं तर मात्र काळ्या मातीवरच पहिली ठेच लागते.

युक्रेन आणि दक्षिण रशियातली चेर्नोझेम काळी असते ती गवताच्या मुळांतून हजारो वर्षं साचलेल्या ह्यूमसमुळे. दख्खनच्या बेसाल्टवरची काळी मातीही तितकीच काळी दिसते, पण तिच्यात सेंद्रिय कार्बन अनेकदा एक टक्क्याहूनही कमी भरतो. तिथे थोडासाच ह्यूमस स्मेक्टाइट नावाच्या फुगणाऱ्या चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसलेला असतो, आणि तेवढ्याने सगळी माती गडद होते. दोघींचे वर्ग वेगळे, वागणूक वेगळी. काळी म्हणजे सुपीक हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

तांबडा रंग हेमटाइट या लोहखनिजाचा. ते इतकं प्रखर रंगद्रव्य आहे की थोडं असलं तरी सगळी माती लाल दिसते, म्हणून लाली बघून लोहाचं प्रमाण सांगायला जाऊ नका. पिवळा-तपकिरी रंग गोथाइटचा, हा लोह आणि पाण्याच्या संयोगाचा. एकाच उतारावर वर लाल आणि खाली पिवळट माती दिसली तर खालचा भाग जास्त काळ ओला राहतो असं समजायला हरकत नाही.

राखाडी-निळसर रंग ही मला सगळ्यात उपयोगी खूण वाटते. माती पाण्याने भरली की प्राणवायू संपतो, जिवाणू लोहाकडे वळतात, लोह विरघळून हलतं आणि मागे राखाडी रंग उरतो. पाणी उतरलं की हलतं लोह हवेशी भेटून तांबूस ठिपक्यांत बसतं. भर उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या खड्ड्यात ९० सेंटिमीटरवर राखाडी पार्श्वभूमीत गंजाचे ठिपके दिसले, तर ओल्या मोसमात पाणी तिथवर चढतं हे कोणाला न विचारता कळतं.

पांढऱ्या रंगाला आम्ल विचारा. थेंब टाकला आणि फसफसलं तर चुना. नाही फसफसलं तर क्षार, जिप्सम, किंवा सगळं धुऊन गेल्यावर उरलेली नागडी वाळू असू शकते.

रंग मोजताना ढेकूळ फोडून ताजा पृष्ठभाग घ्या, ओला करा, गॉगल काढा, आणि ऊन पाठीशी ठेवून मन्सेलच्या पानावरच्या ठोकळ्यांशी जुळवा. '१० वायआर ३/२' असं काहीतरी लिहिलं जाईल: आधी रंगछटा, मग उजळपणा, मग रंगाची तीव्रता. सकाळी लवकर आणि संध्याकाळी उन्हात लालसरपणा असतो, तेव्हा रंग घेऊ नका.

ढेकळं, भेगा, आणि पाण्यातली चाचणी

वरच्या थरात दाणेदार घडण म्हणजे मुळं आणि गांडुळं कामाला लागलेली आहेत. खाली ठोकळ्यांसारखी घडण सर्रास मिळते. उभे स्तंभ आणि त्यांचे माथे गोलसर दिसले तर सोडियमचा संशय घ्या, आपण जिला चोपण म्हणतो ती माती. लगेच एक सुकं ढेकूळ पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात अलगद सोडा. ते नुसतं ढासळलं तर चिंता नाही. भोवती दुधट गढूळपणा पसरत गेला तर चिकणमातीचे कण सुटे होत आहेत. नळाचं किंवा विहिरीचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार हा गढूळपणा दाबून टाकतात.

'बी' थरातलं ढेकूळ उचकटून भिंगाखाली धरा. पृष्ठभागावर, बारीक छिद्रांच्या आतल्या अंगाला मेणचट पातळ लेप दिसतो का? तो वरून वाहत आलेल्या चिकणमातीचा लेप, 'टी' शेपटाचा पुरावा. हे लेप ओळखायला शिकण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. ओली माती कुठेही चमकते. खरा लेप आडव्या कापात वेगळ्या पट्टीसारखा दिसतो, आणि बाहेरचा रंग आतल्यापेक्षा वेगळा असतो.

असं का झालं?

वर्णन लिहून झालं. आता वहीकडे बघून विचार करायचा. रशियाचे वासिली दोकुचाएव यांनी १८८३ साली चेर्नोझेमवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि माती ही खडकाचा चुरा नसून हवामान, जीवसृष्टी, खडक, भूरूप आणि काळ यांनी मिळून घडवलेली स्वतंत्र वस्तू आहे हे दाखवलं. १९४१ साली मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी हेच पाच घटक समीकरणाच्या रूपात मांडले. त्यांच्या मांडणीचा खड्ड्यातला उपयोग असा: चार घटक सारखे असलेल्या दोन जागा शोधा, मग मातीतला फरक पाचव्याचा.

बेसाल्टवर हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. कोरड्या-मध्यम पावसाच्या प्रदेशात टेकडीच्या माथ्यावर उथळ, तांबूस, मुरमाड माती असते. पाणी थांबत नाही, बारीक कण आणि विरघळलेला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका खाली जातात. पायथ्याच्या सपाटीत हेच सगळं साचतं, तिथे स्मेक्टाइट तयार होतं आणि खोल काळी माती बनते. ओली झाली की फुगते, वाळली की मनगट जाईल अशा भेगा पडतात, वरचा भुगा भेगांत पडतो, पुढच्या पावसात फुगायला जागा उरत नाही आणि आतली ढेकळं एकमेकांवर घासत तिरपी सरकतात. त्या घासण्याच्या चकचकीत खुणा म्हणजेच मघाचं 'एसएस'. खडक एकच, हवामान एकच, फरक उताराचा. मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांनी १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत उतारावरच्या अशा मातीच्या साखळीला कॅटिना असं नाव दिलं.

तोच बेसाल्ट मुसळधार पावसाच्या, पाणी झपाट्याने निचरणाऱ्या माथ्यावर न्या. तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम तर जातंच, सिलिकाही निघून जाते. उरतं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली मलबारच्या वर्णनात याची नोंद केली: जमिनीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, उघड्यावर ठेवला की विटेसारखा कडक होतो. काळी माती आणि जांभा एकाच खडकाची लेकरं आहेत, हे नव्या मुलांना पहिल्यांदा खरंच वाटत नाही.

थंड, ओल्या प्रदेशात सूचीपर्णी झाडांखाली, वाळूवर, दुसराच प्रकार घडतो. आम्लधर्मी पाचोळ्यातली सेंद्रिय आम्लं लोह आणि ॲल्युमिनियमला पकडून खाली नेतात. वर राखाडी-पांढरा 'ई' उरतो, आणि त्याखाली कॉफीच्या ते गंजाच्या रंगाचा 'बीएचएस' तयार होतो. हा पॉडझोल. इतका देखणा खड्डा दुसऱ्या कुठल्याच मातीचा नसतो, पण शेतीला ही माती गरीबच.

चेर्नोझेमची गोष्ट लोएसपासून सुरू होते. हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेला चुनायुक्त पोयटा, त्यावर गवताळ प्रदेश, बेताचा पाऊस. मुळं दर वर्षी जमिनीच्या आतच मरतात, म्हणून काळा थर पाचोळ्याच्या जंगलमातीपेक्षा कितीतरी खोल जातो. पाऊस चुना धुऊन नेण्याइतका नाही, म्हणून तो खाली कुठेतरी पांढऱ्या गाठींत सापडतो. साधारण नियम असा की प्रदेश जितका कोरडा तितका चुन्याचा थर वर.

वाळवंटात पाणी खोल जातच नाही. चुना, जिप्सम, मीठ वरच्या मीटरभरातच अडकतं. दलदलीत प्राणवायूअभावी पाचोळा कुजत नाही आणि पीट साचतं. ज्वालामुखीच्या राखेत काच झपाट्याने बदलून ॲलोफेनसारखी विस्कळीत रचनेची खनिजं होतात, माती हलकी आणि फॉस्फरस धरून ठेवणारी बनते. कायम गोठलेल्या जमिनीत गोठणं-वितळणं थर उलटेपालटे करून टाकतं.

काळाचा अंदाज घेताना सावध राहा. एक सेंटिमीटर माती व्हायला साधारण शेकडो वर्षं लागतात हे खरं, पण काही बदल फार लवकर होतात. अलास्कातल्या ग्लेशियर बे इथे हिमनदी मागे सरकल्यावर उघडा पडलेला चुनायुक्त गाळ अल्डरच्या झुडपांखाली काही दशकांतच सामू (आम्ल-अल्कतेचा आकडा, म्हणजे पीएच) ८ वरून ५ च्या आसपास आला. सामू बदलायला दशकं पुरतात. चिकणमातीचा ठळक 'बीटी' घडायला मात्र हजारो वर्षं लागतात. आणि माणूस हाही घटक धराच. वायव्य युरोपात शतकानुशतकं गवताची ढपली आणि शेण वाळूवर टाकून अर्ध्या मीटरहून जाड काळा थर माणसांनी बनवलेला आहे.

आता पुस्तक उघडा

जगभर दोन पद्धती जास्त चालतात. एक अमेरिकेच्या कृषी खात्याची सॉइल टॅक्सॉनॉमी. पहिली आवृत्ती १९७५ ची, तेव्हा दहा गण, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचे वर्ग, होते, आता बारा. दुसरी वर्ल्ड रेफरन्स बेस. ती १९९८ साली आली, २०२२ साली चौथी आवृत्ती निघाली, आणि तिच्यात ३२ मुख्य गट आहेत. मोठा फरक असा की अमेरिकी पद्धत मातीतला ओलावा आणि तापमान किती काळ कसं राहतं हेही निकषात धरते, दुसरी हवामान बाजूला ठेवते. म्हणून अमेरिकी पद्धतीतला ॲरिडिसॉल, म्हणजे कोरड्या प्रदेशातल्या मातीचा गण, दुसरीकडे कॅल्सिसॉल, जिप्सिसॉल, सोलोनचाक अशा वेगवेगळ्या गटांत जातो. शिकायला मी अमेरिकी किल्लीपासून सुरुवात करून देते, कारण गण बाराच.

किल्ली म्हणजे एकामागून एक प्रश्न. पहिल्या 'हो'ला थांबायचं. क्रम मोडायचा नाही.

गोठलेली जमीन मीटरभरात आहे का? जेलिसॉल. सेंद्रिय पदार्थाचा थर, साधारण ४० सेंटिमीटर किंवा जास्त? हिस्टोसॉल. ह्यूमस-लोह-ॲल्युमिनियम साचलेला पॉडझोली थर? स्पोडोसॉल. राखेची लक्षणं, म्हणजे हलकेपणा आणि फॉस्फेट धरून ठेवणं? ॲन्डिसॉल. झिजून फक्त केओलिनाइट (न फुगणारं चिकणमातीचं खनिज) आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरलेला थर? ऑक्सिसॉल. तीस टक्क्यांहून जास्त चिकणमाती, ठरावीक काळाने पडणाऱ्या भेगा आणि घासल्याच्या खुणा? व्हर्टिसॉल. कोरड्या प्रदेशातली आणि खाली काहीतरी थर घडलेली? ॲरिडिसॉल. चिकणमाती साचलेला थर आहे पण खोलवर कॅल्शियम, मॅग्नेशियमसारख्या आधारद्रव्यांची संपृक्तता ३५ टक्क्यांखाली? अल्टिसॉल. वर जाड, गडद, मऊ आणि आधारद्रव्यांनी भरलेला थर? मॉलिसॉल. चिकणमाती साचलेला थर आणि संपृक्तता बरी? अल्फिसॉल. नुसता कोवळा 'बीडब्ल्यू'? इन्सेप्टिसॉल. यातलं काहीच नाही? एन्टिसॉल.

बेसाल्टच्या पायथ्याचा खड्डा घ्या. १२० सेंटिमीटरपर्यंत '१० वायआर ३/१', पट्टी सात सेंटिमीटर, भेगा, ५० सेंटिमीटरपासून तिरपे चकचकीत पृष्ठभाग, तळाशी फसफसणाऱ्या गाठी. पहिल्या पाच प्रश्नांना 'नाही', सहाव्याला 'हो'. व्हर्टिसॉल. वरचा गडद थर पाहून मॉलिसॉल म्हणायचा मोह होतो, पण किल्लीत तो प्रश्न तीन पायऱ्या पुढे आहे, तिथवर ही माती पोचतच नाही.

दुसरा खड्डा: वर तपकिरी लोम, खाली लाल चिकणमाती, भिंगाखाली स्पष्ट लेप, आम्लाला प्रतिसाद नाही. हा अल्फिसॉल की अल्टिसॉल, हे खड्ड्यात उभं राहून ठरत नाही. आधारद्रव्यांची संपृक्तता प्रयोगशाळा सांगते. सामू कमी असला म्हणून अल्टिसॉल लिहून टाकू नका. वहीत दोन्ही नावं लिहा, पुढे प्रश्नचिन्ह करा, आणि 'बी' थराचा वेगळा नमुना पाठवा. ऑक्सिसॉल आणि ॲन्डिसॉलचंही तेच, आकडे आल्याशिवाय नाव पक्कं नाही.

गणाच्या खाली उपगण, महागट, उपगट, कुल आणि मालिका अशा पायऱ्या आहेत. एकट्या अमेरिकेत २० हजारांहून जास्त मालिका नोंदल्या आहेत. नाव वाचायचं ते मागून. 'टिपिक हॅप्लुस्टर्ट' मधलं शेवटचं 'अर्ट' व्हर्टिसॉलचं, त्याआधीचं 'उस्ट' मर्यादित ओलाव्याचं, 'हॅपल' म्हणजे वेगळी खास खूण नसलेला, 'टिपिक' म्हणजे त्या गटाचा नमुनेदार. सुरुवातीला गणापर्यंत पोचलात तरी पुष्कळ. तिथे गडबड झाली तर खालच्या पायऱ्या सगळ्या चुकतात.

नमुने घेताना तळापासून वर या, नाहीतर वरची माती गळून खालच्या नमुन्यात मिसळते. प्रत्येक थराचा अर्धा-एक किलो, थराच्या मधल्या भागातून, सीमा टाळून. पिशवीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली, शाई ओलाव्याने पसरते. खड्ड्याचा फोटो टेप लावून घ्या. आणि बुजवताना खालची माती आधी, वरची शेवटी, थोडी थोडी टाकून पायाने दाबत. उलट केलंत तर तिथे पुढची कितीतरी वर्षं काही नीट उगवणार नाही, आणि पुढचा सर्वेक्षक तुमच्याच खड्ड्यात उभा राहून डोकं खाजवेल.